जुन्या वळणाचा जंतू

९ डिसेंबर

आमच्या चर्चच्या क्वायरमधला खर्ज गेला. म्हणजे मेला नाही, तापाने आडवा झालाय. लाझारो त्याचं नाव, येशूने थडग्यातून उठवलेल्या माणसाचं, त्यामुळे उठून बसेल याची मला खात्री आहे. पण परवा त्याच्याशिवाय 'आमेन' म्हटलं, तर नळावर बायकांनी एकमेकींना हाका माराव्यात तसं ऐकू आलं. वरच्या पट्टीतल्या दोन पोरीही पडल्यात.

दवाखान्यात तिघांनाही एकच उत्तर: "मलेरिया आणि टायफॉइड, दोन्ही." आमच्या म्वान्झा शहरात कोणी नुसतं शिंकलं तरी हेच सांगतात. दोन्ही रोग लावून द्यायचे, म्हणजे एखादा तरी बसतोच. माझा जन्म प्रयोगशाळेत गेलाय, मला असल्या तपासण्या दाखवू नयेत. मी तिघांचं रक्त स्वतः काढून आणलं, कल्चरला लावलं. आज प्लेटा उघडल्या. तिघांनाही खराखुरा टायफॉइड. दवाखान्याचं या वर्षातलं पहिलं बरोबर निदान, तेही अंदाजपंचे.

आता प्रश्न असा की आला कुठून. मला तर उत्तर खिडकीतून दिसतंय. जुलैत मिहायो म्हाताऱ्याने भाड्याच्या खोल्या वाढवल्या आणि त्यांची भिंत सरळ गटारावर घातली. तेव्हापासून टेकडीवरून येणारं सगळं पाणी आमच्या आणि त्याच्या घरांच्या मध्ये तुंबलंय. हिरवं, वर बुडबुडे, कडेला बदकं. क्वायरचा सराव माझ्या मैत्रिणीच्या, लेओकाडियाच्या अंगणात होतो आणि तिचं अंगण त्या डबक्याला चिकटून. सेंट सेसिलियाचा सणही तिथेच झाला. ती आम्हा गाणाऱ्यांची संत. गळ्यावर तीन घाव पडले तरी ती म्हणे लगेच मेली नाही. आमच्यातल्या एकदोघांवर हा प्रयोग करून बघावा असं मला सरावाच्या वेळी वाटतं.

सण मात्र झकास झाला होता. लेओकाडियाचा पिलाव, माझी कचुंबरी. पातेलं चाटूनपुसून संपलं.

१२ डिसेंबर

आज पाण्याचे नमुने घेतले. गुडघ्यापर्यंत बूट, हातात मोजे, बाटल्यांची पेटी. अर्धी गल्ली बघायला जमली. मिहायो भिंतीवर कोपरं टेकून उभा.

"जंतूबाई, काय शोधताय? अंगठी पडली का?"

"तुमच्या भिंतीचे गुण शोधतेय, काका."

"भिंतीला कसले गुण? सिमेंट आहे ते."

"लोक आजारी पडतायत."

"कोणाचे लोक? माझे भाडेकरू याच्या काठावर जेवतात, झोपतात, भांडतात. एकालाही साधी ढेकर आली नाही. आजारी पडले ते तुमचे गाणारे. देवालाच ऐकवेना झालं असेल."

"तुमच्या भाडेकरूंची पोटं सिमेंटची आहेत."

"मग त्या गवंड्याला सांगायला हवं, भिंतीलाही तेच वापर."

लोक हसले. हसू देत. ते हसत असताना त्याचं एक बदक माझ्या पेटीवर शिटलं. तोही नमुना समजून मी घेणार होते.

१७ डिसेंबर

डबक्यात काय नाही ते विचारावं! आतड्यातले नेहमीचे जंतू तर इतके, की मोजायला पाणी शंभरदा पातळ करावं लागलं. जखमा चिघळवणारा हिरवा जंतू आहे. जुलाब लावणारे दोन प्रकार आहेत. कॉलऱ्याचा एक लांबचा चुलतभाऊ सापडला, घराण्याचं नाव तेवढं लावतो, अंगात काही नाही. सगळं शहर आलंय. फक्त टायफॉइडवाला नाही.

माझा विरस झाला. एवढं घाण पाणी आणि ऐन वेळी कामाला येत नाही.

डॉ. न्गासा माझा साहेब. वयाने माझ्या लेकीच्या, क्वांडूच्या बरोबरीचा. चारचौघांत मला मॅडम म्हणतो, एरवी मावशी. तो आज आजाऱ्यांच्या जंतूची प्लेट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"मावशी, हे बघा. याच्यावर सगळी औषधं चालतात."

"मग बरंच आहे की."

"बरं आहे, पण विचित्र आहे. आपल्याकडे आता जो टायफॉइड फिरतो, तो जुन्या गोळ्यांना भीक घालत नाही. हा क्लोरॅम्फेनिकॉलने मरतोय! असा जंतू मी फक्त पुस्तकात वाचलाय. इतकी वर्षं हा होता कुठे?"

"असेल एखाद्या जुन्या घरात. कोणात फारसं न मिसळता."

क्लोरॅम्फेनिकॉल! नुसत्या नावाने तोंड कडू झालं. नन्सच्या वसतिगृहात शिकत होते तेव्हा एका लांबलेल्या तापात सिस्टर मला ती गोळी मोडून, जिभेवर ठेवून गिळायला लावायची. आठवडाभरात ताप गेला, आणि उरलेल्या गोळ्या मी खिडकीतून पेरूच्या झाडाला घातल्या. खरं सांगायचं तर मला या जंतूबद्दल थोडी आपुलकीच वाटली. माझ्या काळातला, जुन्या वळणाचा. नवीन औषधांची सवय न लागलेला.

२६ डिसेंबर

नाताळ पार पडला. तळलेला मासा जास्त झाला, उजव्या बरगडीखाली रात्रभर कोणीतरी पिळे घालत होतं. हे माझं नेहमीचंच. कमी खावं हे कळतं, पण नाताळच्या माशापुढे वळत नाही.

लाझारो खरोखरच उठून बसला. क्वांडू म्हणाली, "आई, आता तरी त्या डबक्याचा नाद सोड, लग्न तोंडावर आलंय." मी म्हटलं, तुझ्या लग्नाला पाहुणे त्याच गल्लीतून येणार आहेत. तिला वाटतं मला भांडायला कोणीतरी लागतं म्हणून मी मिहायोला धरलंय. तिचा बाप बुकोबा गावाला निघून गेला तेव्हापासून असं म्हणते. तो जाताना काय म्हणाला ते मी विसरलेले नाही: "पर्पेतुआ, तुझ्या हातचं मला पचत नाही." मी समजले, माझा स्वभाव.

१२ जानेवारी

पोरीचं लग्न लागलं. मी रडले नाही, कारण मला वेळच मिळाला नाही.

इगोमाला, विहीणबाईंच्या अंगणात, सगळा थाट त्यांचा. मी नुसतं नटून बसायचं असं ठरलं होतं. पण आचारी आला उशिरा, त्यात त्याच्या पोरीने टोमॅटोला हात लावायच्या आत बोट कापून घेतलं. मग काय, मीच लुगड्याचा पदर खोचून बसले. टोपलीभर टोमॅटो, कांदे, मिरच्या, लिंबं. कांदा कापायचा माझा हात असा आहे की पलीकडून सूर्य दिसावा. आणि कालवायची हातानेच. चमच्याने कालवलेली कचुंबरी म्हणजे छत्री उघडून केलेली आंघोळ. नळाला पाणी नव्हतं, साबण कोणीतरी उचलून नेला होता. एका परातीत सगळ्यांनी हात बुचकळायचे, तसे मीही बुचकळले.

फादरांनी प्रवचनात काना गावातल्या लग्नाची गोष्ट सांगितली, येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ती. त्यात लिहिलंय की ते रांजण पाहुण्यांच्या हातपाय धुण्याचे होते. माझ्या मते द्राक्षारस ही किरकोळ बाब आहे. ते पिऊन एकही पाहुणा आजारी पडला नाही, हा खरा चमत्कार. मी हे विहीणबाईंच्या कानात सांगितलं. त्या माझ्यापासून जरा सरकून बसल्या.

मिहायोलाही बोलवावं लागलं, गल्लीचा माणूस. आला, सगळ्यांशी हात मिळवले, तीनदा जेवला. कचुंबरीला मात्र शिवला नाही. म्हणाला, कांद्याने त्याला वारा धरतो. चांगलं ते खायला नशीब लागतं.

२० जानेवारी

सापडला!

डबक्याचे नमुने मी दर आठवड्याला वेगवेगळ्या टोकांवरून घेतेय. आज वरच्या कोपऱ्यातल्या नमुन्यात काळ्याभोर, धातूसारख्या चमकणाऱ्या वसाहती. कपाटातली सगळी रसायनं लावून बघितली, शेवटी काचेवर टायफॉइड ओळखायचा रक्तद्रव घातला आणि दूध फाटावं तशा जंतूंच्या गुठळ्या झाल्या. टायफॉइड. तोच, जुन्या वळणाचा, सगळ्या गोळ्यांनी मरणारा. मी खुर्चीवरून उठून नाचले. न्गासाने दार उघडलं, बघितलं आणि परत लावून घेतलं.

मग आत येऊन त्याने विचारलं, "कोपरा कुठला?"

"वरचा. माझ्या मागच्या भिंतीला लागून."

"मिहायोचे संडास खाली आहेत ना? मग पाणी वर कसं चढलं?"

"तुंबलेलं पाणी फिरतं. माझ्या भिंतीला सगळी ओल आलीय त्याने, आत संडासाच्या लादीपर्यंत. त्या माणसाची घाण माझ्या घरात शिरतेय, तुम्ही दिशा काय विचारता?"

त्याने वहीत त्या कोपऱ्यावर खूण केली. चांगला मुलगा आहे, पण हल्लीच्या पोरांना प्रत्येक गोष्टीचा नकाशा लागतो.

३१ जानेवारी

इगोमाहून फोनावर फोन. विहीणबाईंना ताप, जावयाच्या काकांना ताप, नवरदेवाच्या बाजूने नाचलेल्या तीन पोरींना ताप. रक्तात तोच जंतू. विहीणबाई दृष्ट लागली म्हणतायत आणि म्हणताना, क्वांडू सांगते, माझ्या लुगड्याच्या रंगाचा उल्लेख करतायत.

मी शांतपणे विचार केला. डबकं इथे, आजारी तिथे. म्हणजे कोणीतरी तो जंतू पोटात घेऊन गेलं. असे लोक असतात. स्वतः ठणठणीत, पित्ताच्या पिशवीत जंतूची वस्ती, आणि वर्षानुवर्षं लोकांना वाटत फिरतात. आणि लग्नात सगळ्यांशी हात कोणी मिळवले? तीनदा जेवायला कोण बसलं?

१० फेब्रुवारी

म्हाताऱ्याला गाठलं. वाटलं होतं, काठी घेऊन येईल.

"काका, तुमची विष्ठा तपासायला हवी."

"का? कमी पडली का कुठे?"

मी सगळं समजावून सांगितलं. पित्ताची पिशवी, वाहक, सगळं. तो दाढी खाजवत ऐकत होता. मी डबी पुढे केली. त्याने ती उन्हात धरून बघितली. "एवढ्याशा डबीत कोणाचं भागतं?" दुसऱ्या दिवशी कॉफीचा आख्खा डबा भरून प्रयोगशाळेत पाठवला, वर फडकं बांधून, निरोपासह: आणखी लागली तर संकोच करू नये.

काही निघालं नाही. अशा लोकांत जंतू रोज बाहेर पडत नाही, म्हणून मी परत मागितली. दिली. तिसऱ्यांदा मागितली. दिली. स्वच्छ! त्या म्हाताऱ्याचं आतडं वेदीवर ठेवावं इतकं स्वच्छ आहे. मला कमालीचा राग आला.

मग रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर सूचनांच्या वेळी मी उठले आणि भर चर्चमध्ये मिहायोच्या संडासांबद्दल बोलले. तपासणीत काही निघालं नाही हे सांगायचं राहून गेलं.

१६ फेब्रुवारी

भिंत पडली! डबक्याच्या पाण्यात टायफॉइड सापडला म्हटल्यावर गल्लीप्रमुखाला दुसरा इलाजच नव्हता. चार माणसं घण घेऊन आली, गटार मोकळं झालं. पाणी असं घोंगावत गेलं की बदकांना काही कळेचना. तळाशी चपला, एक रेडिओ आणि लेओकाडियाची हरवलेली कढई निघाली. मिहायो खुर्ची टाकून बघत होता. क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

संध्याकाळी लेओकाडियाच्या अंगणात जेवण. तिची-माझी मैत्री दोघींना पहिलं मूल झालं तेव्हापासूनची. ती मला पर्पे म्हणते, आणि मी चुकले की सगळ्यांदेखत सांगते, म्हणून तिच्याशिवाय माझं पान हलत नाही. आज म्हणाली, "पर्पे, आता तू काय करशील गं? शत्रूच संपला." मी म्हटलं, आधी जेवू. तिने माझी कचुंबरी दोनदा घेतली.

३ मार्च

लेओकाडियाला ताप आहे. मलेरियाच असणार. डबकं तर कोरडं पडलंय, तिथे पोरं चेंडू खेळतात.

६ मार्च

मलेरिया नाही. तिचं रक्त मी स्वतः लावलं, प्लेट तीनदा बघितली. तोच.

मला काही सुचत नाहीये. पाणी गेलं, भिंत गेली, मग हा आला कुठून? विहिरी तपासल्या. बर्फवाल्याचा बर्फ तपासला. दूधवालीशी भांडण झालं. लेओकाडियाचा नवरा कधीच वारला, मुलगा दार-ए-सलामला, म्हणून मी रोज तिच्याकडे पेज आणि फळं कापून घेऊन जाते. खात नाही म्हणून हाताने भरवते. गोळ्या लागू पडतायत असं वाटतं, मग परत ताप चढतो.

१९ मार्च

काल दुपारी लेओकाडियाचं पोट लाकडासारखं कडक झालं. आतडं फुटलं होतं. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. म्हणाली, "गाडीवाल्याला सांग, गाणं बंद कर, तो सुरात नाही." मग बोलणंच बंद झालं.

लगेच कापलं. जिवंत आहे. नळ्या आहेत. भेटू देत नाहीत.

बाहेरच्या बाकावर आज मिहायो येऊन बसला. हातात बायकोने दिलेल्या उगालीचं, मक्याच्या घट्ट पिठल्याचं, भांडं. मी म्हटलं, हिणवायला आलात का. तो म्हणाला, "खा आधी." मी खाल्लं.

"जंतूबाई, एक विचारू? ते डबकं इगोमाला चालत गेलं होतं का?"

"काका, आज नको."

"नाही, मला खरंच कळत नाही. माझ्या भाडेकरूंना काही झालं नाही, ते काठावर राहतात. इगोमाचे पडले, त्यांनी ते कधी पाहिलंही नाही. आता ते वाळलं, आणि ही पडली. मी शाळा शिकलेलो नाही, म्हणून विचारतो. माझं तू तीनदा तपासलंस. तुझं कोणी तपासलं?"

मी ते भांडं त्याच्या हातात आदळलं आणि चालू लागले. निर्लज्ज माणूस! मैत्रीण मरणाच्या दारात आणि हा भिंतीचा सूड उगवतोय. मला! जिने या शहराला हात धुवायला शिकवलं! मी आयुष्यात कधी आजारी पडले नाही, एक तो शाळेतला ताप सोडला, तर

२० मार्च

काल वाक्य अर्धं राहिलं. ते पूर्ण करणार नाही.

आज सकाळी डबी घेऊन संडासात गेले. डबीवर नाव घातलं नाही.

२४ मार्च

काळ्याभोर. चमकणाऱ्या. प्लेटभर.

रक्तद्रव घातला, गुठळ्या झाल्या. औषधांच्या चकत्या ठेवल्या, सगळ्यांभोवती जंतू मेला. क्लोरॅम्फेनिकॉलभोवती तर केवढं मोठं रिकामं कडं, जणू जुनी ओळख निघाली.

मी ती प्लेट हातात घेऊन बसले. दुसऱ्या कोणाची असती तर म्हटलं असतं, काय सुंदर वाढलाय!

२५ मार्च

न्गासाला सांगितलं. मला वाटलं, दचकेल. त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला.

"मावशी, मला जानेवारीपासून वाटत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"धीर झाला नाही. तुम्ही मला काम शिकवलंत. आणि तुम्ही त्या मिहायोच्या मागे इतक्या आनंदाने लागला होतात."

मी त्याला शिव्या दिल्या. साहेब असून. सगळ्या दिल्यावर लक्षात आलं की माझंही असंच आहे: मलाही कुठेतरी वाटतच असणार, नाहीतर बाकावरच्या त्या प्रश्नाने एवढी आग का झाली? मग शिव्या थांबवल्या. त्याने माझी सोनोग्राफी करून घेतली. पित्ताची पिशवी खड्यांनी भरलेली, पेरूच्या बियांसारखी. त्या खड्यांत तो जंतू शाळेतल्या तापापासून घर करून राहिलाय. नुसत्या गोळ्यांनी जाणार नाही, पिशवीच काढायची. तोवर महिनाभर गोळ्या, आणि दुसऱ्याच्या ताटाला हात नाही.

लेओकाडियाला फळं भरवली ती याच हाताने. तिच्या अंगात आधीच होता, मी नव्याने काही दिलं नाही, असं न्गासा म्हणतो. पण आधीचा कोणी दिला, ते तो म्हणत नाही.

३० मार्च

आधी मिहायोकडे गेले. दारातच सांगून टाकलं, एका श्वासात. त्याने ऐकलं, आत गेला, बायकोला घेऊन आला. "आता परत सांग. ही अर्धी बहिरी आहे, मोठ्याने सांग."

परत सांगितलं.

"भिंत बांधून देते, काका."

"भिंत नको. पाणी गेल्यापासून डास गेलेत, भिंत परत घातली तर ही माहेरी जाईन म्हणते. या वयात तिला माहेर कुठून आणून देऊ? पण तू माझ्या संडासाबद्दल चर्चमध्ये बोलली होतीस."

"हो."

"मग आता तुझ्याबद्दल तिथेच बोल."

म्हणून आज मिस्सेनंतर सूचनांच्या वेळी उठले. ठरलेल्या लग्नांच्या घोषणा झाल्या, छपराच्या वर्गणीचं झालं, आणि मग मी. म्हटलं, सणाला तुम्ही आजारी पडलात ते माझ्या हातच्या कचुंबरीमुळे. डबक्यात तो जंतू होता, पण माझ्याच संडासातून पाझरलेला. मिहायोकाकांचं पोट निर्मळ आहे, मी तीनदा पाहिलंय. मग लाझारोने आपल्या खर्जात म्हटलं, "आमेन." कोणीतरी फिसकलं, मग सगळं चर्चच. दोन पोरींच्या आया मात्र हसल्या नाहीत. एकीने जाताना माझ्याकडे बघून लेकीला आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं. बरोबर केलं तिने.

विहीणबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दृष्ट नव्हती तर." जरा निराश वाटल्या.

८ एप्रिल

लेओकाडियाला वॉर्डात आणलंय, भेटू देतात. आज जाणार होते, पण दलादला, आमची मिनीबस, भरून गेली.

१० एप्रिल

आज प्रयोगशाळेत काम होतं. फारसं नव्हतं.

११ एप्रिल

गेले.

खिडकीजवळची खाट. ती एवढीशी झालीय. गालांची हाडं वर आलीत, हातावर सुयांचे डाग. मला बघून म्हणाली, "आलीस का एकदाची. मला वाटलं तूच मेलीस आणि मला कोणी सांगत नाहीये."

मी स्टुलावर बसले. हात मांडीखाली घेतले. आणि सांगितलं. चर्चमध्ये पाठ केल्यासारखं बोलले होते, तिच्यासमोर एकही वाक्य सरळ येईना. प्लेटेपासून सुरू केलं, शाळेत गेले, मध्येच तिच्या फळांवर आले. शेजारच्या खाटेवरची बाई उशी सरकवून ऐकायला लागली.

लेओकाडियाने पुरतं ऐकलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"पर्पे."

"नाही गं. देवाशपथ."

"त्याला कशाला मध्ये घेतेस, त्याच्याशी तुझं कधी पटलंय?" मग तिने मान वळवून खिडकीकडे तोंड केलं. बाहेर काही नव्हतं, वाळत घातलेल्या चादरी होत्या. ती त्याच बघत राहिली. मला वाटलं, आता ही जा म्हणेल, आणि म्हटलं तर मी जाईन, परत येणार नाही. स्टूल मागे सरकवून उठले.

"कुठे निघालीस?"

"तू पड. मी जाते."

"जाते काय! मला संडासला जायचंय. सकाळपासून हाका मारतेय, कोणी नर्स येत नाही."

मी तिथेच उभी. "थांब, बोलावते मी कोणाला तरी."

"हात धुतलेस का?"

"येतानाच. साबणाने, दोनदा."

"मग परत धू आणि ये इकडे."

कोपऱ्यातल्या नळावर गेले. कोपरापर्यंत फेस केला, नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या. वॉर्ड सगळा बघत होता. परत आले तेव्हा तिने पांघरूण बाजूला केलं होतं आणि हात वर करून वाट बघत होती, लहान मुलं बघतात तशी. मी वाकले. तिने तो हात माझ्या मानेभोवती टाकला. तिच्या अंगाला औषधाचा वास होता, आणि त्याखाली तिचा नेहमीचा.

"हळू. टाके आहेत."

"कळतंय मला."

"कळतंय म्हणे! तुला काय काय कळत नाही, ते सगळ्या चर्चला कळलंय. लाझारोने फोन करून सांगितलं."

"मग मला सांगू कशाला दिलंस?"

"तू कशी सांगतेस ते बघायचं होतं."

मी थांबले. ती म्हणाली, थांबू नकोस, घाई आहे. भिंतीला धरत आम्ही निघालो. दाराशी पोचेपर्यंत तिला हसू यायला लागलं, आणि हसलं की दुखायचं, म्हणून ती माझ्या खांद्याला चिमटे काढत होती. "हसवू नकोस गं, फाटेल."

मी तर एक शब्दही बोलले नव्हते.